फ्रेंचमध्ये 'आले' म्हणजे गेले

पत्र:
ताई, मी देवगडची. दादाच्या होमस्टेचं बुकिंग आणि हिशेब सांभाळते आणि दोन वर्षं ऑनलाइन फ्रेंच शिकतेय. दोन महिन्यांनी डेल्फची (फ्रेंचच्या सर्टिफिकेटची) बी-वन परीक्षा आहे. सगळं ठीक चाललं होतं, पण तो प्ल्यु-क-पार्फॅ नावाचा काळ आला आणि मी अडकले. सर म्हणाले सोपं आहे, मराठीत जिथे 'होता' येतं तिथे लाव. मी कुणकेश्वरच्या सहलीवर निबंध लिहिला, प्रत्येक वाक्यात लावला, आणि वही लाल होऊन परत आली. शिवाय कुठे आव्वार (जवळ असणे), कुठे एत्र (असणे), ते टेबल पाठच होत नाही. घरी आई म्हणते कशाला जीव काढतेस, गिऱ्हाईक सगळं कोल्हापूर-पुण्याचंच येतं. सोडून देऊ का? (हे पत्र अर्धं लिहून ठेवलं होतं, मग लाईट गेली, म्हणून उशीर झाला.)

उत्तर:

अगं सोडतेस काय, दोन वर्षं घालवलीस आणि आता एका काळासाठी सोडणार? आधी तुझी भीती घालवते. डेल्फ बी-वन ला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी 25 मार्क, एकूण 100 पैकी 50 मिळाले की पास, फक्त कुठल्याही एका भागात 5 च्या खाली जायचं नाही. लिहायच्या भागात 45 मिनिटांत किमान 160 शब्दांचा एक मजकूर. त्यात दोन ठिकाणी हा काळ चुकला म्हणून कोणी नापास करत नाही. आणि एकदा मिळालेलं सर्टिफिकेट कायमचं असतं, त्याला एक्सपायरी नाही, त्यामुळे आईला सांग की हे काय वाया जाणारं नाहीये.

आता तुझे सर. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं बरोबर असलेला सल्ला जास्त त्रास देतो. हा काळ *बनवायचा कसा* यासाठी मराठी तुझी सख्खी बहीण आहे. *वापरायचा कुठे* तिथे मात्र मराठीवर विश्वास ठेवलास की ती तुला बरोब्बर खड्ड्यात नेते. मला पण नेलंय, ते सांगते पुढे.

(फ्रेंच मी खाली आपल्या लिपीतच लिहितेय, झ आला की 'मेझर' मधला मऊ झ समज.)

बनवायचं आधी. प्ल्यु-क-पार्फॅ म्हणजे शब्दशः 'पूर्णापेक्षा जास्त', आणि आपल्या शाळेच्या व्याकरणात याचं नाव पूर्ण भूतकाळ, म्हणजे नावापासूनच जवळचे नातेवाईक. गेली होती, यात दोन तुकडे आहेत ना, 'गेली' आणि 'होती'. फ्रेंचमध्ये पण दोनच, फक्त 'होती' आधी येतं. हा 'होती' म्हणजे आव्वार किंवा एत्र चं अँपार्फॅ (तेव्हाची अवस्था सांगणारा भूतकाळ) मधलं रूप, जे तुला ऑलरेडी येतं. आणि टेबलात सहा रूपं दिसतात म्हणून घाबरू नकोस, कानाला ती तीनच आहेत. झावॅ, तु आवॅ, इल आवॅ, आणि 'ते' साठी पण आवॅच, स्पेलिंग वेगळं पण आवाज तोच. उरले नू-झाव्यों आणि वू-झाव्ये. एत्र चं तसंच, एतॅ, एत्यों, एत्ये. झालं, सहा आवाज. एवढे तर आपण एसटीच्या रांगेत उभं राहून पाठ करतो.

पुढचा तुकडा म्हणजे आपलं 'गेली, केली, बोलली'. पार्ले म्हणजे बोललेलं (विलेपार्ल्याचा काही संबंध नाही), फिनी म्हणजे संपवलेलं, वाँद्यु म्हणजे विकलेलं. वाकडे आहेत थोडे, फॅ (केलेलं), प्री (घेतलेलं), व्यु (पाहिलेलं), एक्री (लिहिलेलं), ते वापरून वापरूनच बसतात. आणि गंमत बघ, 'जाणे' चं हे रूप आहे आले. एल एतॅ आले, म्हणजे ती गेली होती! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वर्गात हसले होते, बाईंना वाटलं त्यांनाच हसतेय. असाच 'ठेवलेलं' चा उच्चार आहे मी आणि 'जन्मलेला' चा उच्चार आहे ने. हा ने लक्षात ठेव, कारण आता मी ज्या 'ने' बद्दल बोलणार आहे तो आपला मराठी ने आहे, दोघांची गल्लत करू नकोस.

तुझा खरा प्रॉब्लेम, आव्वार की एत्र. टेबल फाडून टाक. मराठीत बोलून बघ आणि 'ती' ला 'ने' लागतोय का ऐक. *तिने* केलं, *तिने* पाहिलं, *तिने* लिहिलं, *तिने* विकलं. ने लागला, आव्वार घे. *ती* गेली, *ती* आली, *ती* पडली, *ती* राहिली. ने नाही, एत्र असायची शक्यता. 'मी' आणि 'तू' वर करून बघू नकोस, तिथे ने दिसतच नाही, कायम तो-ती घेऊनच बघ.

एत्रवाली क्रियापदं मोजकीच आहेत, पंधरा-सोळा. फ्रेंच पुस्तकात त्यासाठी एक घराचं चित्र असतं, जिना, दार, खिडकी वगैरे. मला ते कधी लक्षात राहिलं नाही, मी गणपतीला येणारा चाकरमानी लक्षात ठेवला. तो मुंबईहून निघाला, कणकवलीला पोचला, घरी आला, घरात शिरला, मखराचं सामान बघायला माळ्यावर चढला, उतरला, बाहेर पडला, खळ्यात शेवाळावर घसरून पडला, म्हणून रजा वाढवून राहिला, मग शेजारच्या काकांकडे डोकावून गेला, आणि शेवटी परत मुंबईला गेला. आणि त्याची आजी त्याच गावात जन्मली आणि तिथेच वारली. एवढीच गोष्ट. यातलं प्रत्येक मुख्य क्रियापद फ्रेंचमध्ये एत्र घेतं आणि यातल्या एकालाही मराठीत ने लागत नाही. ज्याने जागा बदलली, जो आला-गेला, जन्मला-मेला, तो एत्रचा.

ही ने ची युक्ती कुठे चावते ते पण सांगते, नाहीतर तू पण मला शिव्या घालशील. *ती* रडली, हसली, झोपली, धावली, पोहली, यांना ने नाही, पण फ्रेंचमध्ये आव्वार. चाकरमान्याच्या गोष्टीत हे कुठे आले का? नाही. धावली म्हणजे नुसती धावली, कुठे पोचली ते त्यात नाही. मग *ती* जेवली, *ती* शिकली, *ती* विसरली, *ती* चहा प्याली, इथे तर मराठीच लहरी वागते, काहीतरी जेवतेय, काहीतरी शिकतेय तरी ने नाही. फ्रेंचला आपल्या लहरीशी देणंघेणं नाही, सगळे आव्वार. आणि उलट बाजूने एकच भानगड, ज्या क्रियापदाला 'स' चिकटतो, स्वतःचं स्वतःला करायचं, त्यांना ने लागो न लागो, एत्रच. *तिने* केस विंचरले होते, एल सेतॅ क्वाफे.

पण ही युक्ती जिथे चमकते ते ठिकाण बघ. पुस्तकात एक घाबरवणारा नियम असतो की चढणे-उतरणे वगैरे क्रियापदं कधी एत्र घेतात कधी आव्वार, कर्म असेल तर असं, नसेल तर तसं. मराठीला हे कोणी शिकवावं लागत नाही. *ती* उतरली होती, एल एतॅ देसाँद्यु. *तिने* बॅग उतरवली होती, एल आवॅ देसाँद्यु ला व्हालीझ. *ती* चढली, *तिने* पेट्या चढवल्या. ने आला की आव्वार आला. माझ्या क्लासमधल्या इंग्लिश मीडियमच्या पोरी या नियमावर महिनाभर डोकं आपटत होत्या.

शेवटचं अक्षर कुणाशी जुळवायचं ते पण आपल्याकडे आहेच. गेला होता, गेली होती, गेले होते. एत्र बरोबर तसंच, बाई असेल तर शेवटी एक ई अक्षर वाढवायचं, अनेकवचन असेल तर एस. बहुतेक वेळा ऐकू येत नाही, फक्त लिहिताना. इथे सांभाळायचं ते लिंग. आपली एसटी ती, त्यांची ब्यूस तो. आपली होडी ती, त्यांची बातो तो. एसटी गेली होती म्हणताना हात आपोआप ई लिहायला जातो, थांबव त्याला.

आणि आव्वार चं जुळवणं म्हणजे खरा मासला आहे, आणि तुझ्या घरचीच गोष्ट घेऊया. आंबे पेटीत भरताय. मी आंबे पेटीत ठेवले होते, झावॅ मी ले माँग दाँ ला कॅस. मराठीत 'ठेवले' कुणाचं ऐकतं? आंब्यांचं. मी बाई असो की बाप्या, आंबे ठेवले, पेटी ठेवली, गवत ठेवलं. फ्रेंचमध्ये इथे मी (म्हणजे ते ठेवलेलं) जसंच्या तसं, आंब्यांकडे बघत पण नाही. पण वाक्य उलटं कर, *जे आंबे* मी पेटीत ठेवले होते, ले माँग क झावॅ मीझ. आता आंबे आधी येऊन बसले, तर लगेच मी चं मीझ झालं, आणि आंबा त्यांच्यात बाई असल्यामुळे बाईचं रूप. म्हणजे कर्म डोळ्यासमोरून गेलेलं असेल तरच क्रियापद त्याचा मान ठेवतं, नंतर येणार असेल तर ओळख नाही. 16 व्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या कवीने इटालियनचा दाखला देऊन हे सांगितलं, आणि तेव्हापासून फ्रेंच पोरं पण यात चुकतायत. त्यामुळे तू चुकलीस तर लाजू नकोस. आपलं क्रियापद मात्र आंबे पुढे असोत मागे असोत, त्यांचंच ऐकतं, मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

बरं, आता तो खड्डा.

माझी तोंडी परीक्षा होती, खूप वर्षं झाली, परीक्षक बाईंनी विचारलं काल काय केलंत. मी छान ऐटीत, इएर, झेतॅ आले आ ला प्लाझ. काल मी बीचवर गेले होते. बाई पेन वर धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी बघत राहिले. त्या म्हणाल्या, "ए?" म्हणजे "आणि?". मला वाटलं ऐकू आलं नाही, मी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. परत "ए?". बाहेर येऊन अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला की मी त्यांना सांगत होते, "काल मी बीचवर गेलेली असताना..." आणि तिथेच थांबत होते. त्या पुढच्या घटनेची वाट बघत होत्या!

आपल्याकडे काल कुठे गेली होतीस, बाजारात गेले होते, संपलं बोलणं. मालवणीत तर दोन शब्द पण लागत नाहीत, खंय गेल्लंस? एकाच शब्दात गेलं पण आणि होतं पण. आपला 'होता' स्वस्त आहे, गेलो होतो म्हणजे गेलो आणि परत पण आलो, एवढाच अर्थ. फ्रेंच होता ला खुंटी लागते. खुंटी म्हणजे भूतकाळातलीच दुसरी एक घटना, जिच्या आधी हे झालेलं होतं. मी स्टँडवर पोचले, ही खुंटी. एसटी आधीच गेली होती, हा तिच्यावर टांगलेला शर्ट. काँ झ स्वी आरिव्हे आ ला गार रूत्यॅर, ल ब्यूस एतॅ देझा पार्ती. आणि ते देझा, म्हणजे आपलं 'आधीच', दोन तुकड्यांच्या मध्ये बसतं, तसंच नकाराचं पा पण मध्येच, झ नावॅ पा माँझे, मी जेवले नव्हते. खुंटी नसेल तर साधा पासे कोंपोझे (आपला नुसता 'गेले, केलं' वाला भूतकाळ) वापर आणि मोकळी हो.

आता तुझा निबंध घे, तू फोटो पाठवलायस तोच. "गेल्या रविवारी आम्ही कुणकेश्वरला गेलो होतो." खुंटी कुठे आहे? नाही. ही स्वतःच खुंटी आहे. पासे कोंपोझे, नू सॉम आले. "सकाळी पाचला उठलो होतो." तू गोष्ट एकामागून एक सांगतेयस, उठलो, निघालो, पोचलो, ही रांग आहे, रांगेतल्या सगळ्यांना पासे कोंपोझे. आधी झालं म्हणून लगेच होता नाही, मागे वळून सांगितलं तरच. "आईने घावणे केले होते." हं! तू उठलीस तेव्हा ते झालेले होते ना? तू उठणं ही खुंटी, घावणे त्याच्या आधीचे. हा खरा प्ल्यु-क-पार्फॅ, मामाँ आवॅ देझा फॅ. "समुद्र खवळला होता." हे आधी झालेलं काम नाहीये, तेव्हाची अवस्था आहे, तू देवळाच्या मागे उभी राहून बघत होतीस तेव्हा तो तसा होता. अँपार्फॅ, ला मॅर एतॅ आझिते. म्हणजे बघ, चार वाक्यांत चार होता, आणि त्यातला फक्त घावण्यांचा खरा. तुझ्या सरांनी लाल रेघ मारण्याऐवजी हे सांगायला हवं होतं, असो.

आणि याच्या उलट पण होतं, जिथे मराठी होता म्हणत नाही आणि फ्रेंचला तो पाहिजेच. "तिने सांगितलं एसटी गेली." आपण 'गेली' वर थांबतो. फ्रेंच म्हणेल, सांगायच्या आधी गेली ना? मग एल आ दी क ल ब्यूस एतॅ पार्ती. दुसरं ठिकाण म्हणजे आपलं 'असता'. पाऊस पडला असता तर, मला माहीत असतं तर, या तर च्या आधीच्या भागात फ्रेंच हाच काळ वापरतं, सिलावॅ प्ल्यु, सी झावॅ स्यु. मराठीत असता आणि होता वेगळे शब्द, त्यामुळे आपल्याला इथे हा काळ सुचतच नाही. वहीत लाल पेनाने लिहून ठेव, असता म्हणजे पण प्ल्यु-क-पार्फॅ. तर च्या नंतरच्या भागाचं रूप वेगळं असतं, ते आज नको, एका वेळी एकच डोकेदुखी.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा इतक्या सारख्या वागतात की मला दर वेळी बरं वाटतं. आपण कुणाच्या दारात उभं राहून म्हणतो ना, "काका, जरा एक विचारायला आले होते". आले होते काय, समोर उभी आहेस! पण 'आलेय' म्हटलं तर अंगावर गेल्यासारखं वाटतं, होते म्हटलं की एक पाऊल मागे. फ्रेंच माणूस पण अगदी हेच करतो, झेतॅ व्हन्यु वू दमाँदे. इथे खुंटी नाही आणि लागत पण नाही, हा फक्त अदबीचा होता. तोंडी परीक्षेत जमला तर वापर, कानाला फार गोड लागतो.

प्रॅक्टिस कशी, तर टेबल घोकू नकोस. रोज रात्री हिशेब लिहून झाला की दिवसातली एक खुंटी निवड, एकच. उदाहरणार्थ दुपारी पाहुणे आले. मग ते आले तेव्हा काय काय आधीच झालेलं होतं, किंवा व्हायचं राहिलेलं होतं, अशी तीन वाक्यं. मी खोली झाडली होती. दादा बंदरावर मासळी आणायला गेला होता. आईने सोलकढी केली नव्हती. पहिल्याला आव्वार, दुसऱ्याला एत्र, तिसऱ्यात पा मध्ये. पंधरा दिवस कर, आणि मोठ्याने बोल, लिहून नुसतं ठेवू नकोस, कारण आवॅ आणि आव्ये यातला फरक कानात बसला पाहिजे.

आणि निबंधात घावण्यांना क्रेप लिहिलंयस ते खोड. मैद्याच्या पातळ पोळीला ते क्रेप म्हणतात, आपलं तांदळाचं जाळीदार घावन म्हणजे काय ते परीक्षकाला एका वाक्यात सांग, तेवढेच 160 मधले दहा-बारा शब्द भरतील.

राहता राहिलं तुझ्या पत्राच्या शेवटी कंसातलं वाक्य. पत्र अर्धं लिहून ठेवलं होतं, मग लाईट गेली. झावॅ एक्री ला म्वात्ये द ला लॅत्र काँ ल कुराँ आ एते कुपे. लाईट जाणं ही खुंटी, अर्धं पत्र तिच्या आधीचं, तिने लिहिलं म्हणून आव्वार. आणि एक्री ला जास्तीचा ई लावू नकोस हां, पत्र त्यांच्यात बाई असली तरी ती मागून येतेय.